काच फुटली, चिठोरे उरले: मार्सेल द्युशाँचं फ्रेंच इंग्रजीत आणायला 26 वर्षं का लागली?

1927 सालची गोष्ट. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममधलं आधुनिक कलेचं एक मोठं प्रदर्शन नुकतंच उरकलं होतं. सगळ्या वस्तू आपापल्या मालकांकडे परत निघाल्या. त्यात एक विचित्र वस्तू होती. तो कॅनव्हास नव्हता, पुतळाही नव्हता. दोन भल्यामोठ्या काचा होत्या. एकीवर एक उभ्या केल्या की उंची पावणेतीन मीटरच्या वर जायची.

परतीच्या प्रवासात या काचा आडव्या, एकमेकींवर ठेवलेल्या होत्या. रस्त्यात हादरे बसले आणि दोन्ही काचा तडकल्या. गंमत म्हणजे हे बरीच वर्षं कुणाला कळलंच नाही, कारण पेटी उघडलीच गेली नव्हती.

ही काच बनवणारा माणूस होता मार्सेल द्युशाँ. तोच, ज्याच्या नावावर मुतारीचं भांडं कलाकृती म्हणून प्रदर्शनात पाठवल्याची नोंद आहे. पण आजचा विषय मुतारी नाही. आजचा विषय आहे त्यानं फ्रेंचमध्ये लिहून ठेवलेले कागदाचे चिठोरे. कारण ती काच म्हणजे कलाकृतीचा फक्त अर्धा भाग होता. उरलेला अर्धा त्या चिठोऱ्यांवर होता. काच अमेरिकेत, कागद फ्रेंचमध्ये. ते कागद इंग्रजीत आले नसते, तर ज्या देशात काच उभी आहे तिथल्याच लोकांना ती कधी वाचता आली नसती.

नोटरीचा मुलगा, शब्दांचा नाद

मार्सेलचा जन्म 28 जुलै 1887 चा. गाव फ्रान्समधल्या नॉर्मंडीतलं ब्लाँव्हील. वडील नोटरी. तिकडचा नोटरी म्हणजे नुसता शिक्का मारणारा माणूस नव्हे. खरेदीखतं, मृत्युपत्रं, वाटण्या असली सगळी कामं त्याच्याकडे. आईचे वडील चित्रकार आणि मुद्राचित्रकार होते. घरात सहा भावंडं आणि त्यातली चौघं कलेत गेली. थोरला भाऊ जाक व्हियाँ या नावानं चित्रकार झाला, दुसरा रेमाँ शिल्पकार आणि बहीण सुझान चित्रकार.

1904 मध्ये मार्सेल पॅरिसला गेला. तिथल्या नामांकित सरकारी कला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला. मग लष्करी सेवेचा प्रश्न आला. कलेशी संबंधित कारागिरांना सेवेत सवलत मिळायची, म्हणून त्यानं रुआँ शहरात छपाईचं काम शिकून घेतलं. ही छपाई त्याला पुढे कशी कामाला आली, ते येईलच.

1912 मध्ये त्यानं एक चित्र केलं. जिना उतरणारी एक आकृती, पण एकाच वेळी अनेक क्षणांतली. जणू सिनेमाच्या रिळाचे तुकडे एकमेकांवर चिकटवले आहेत. चित्राचं नाव त्यानं कॅनव्हासवरच खाली मोठ्या अक्षरात रंगवलं. पॅरिसच्या प्रदर्शनातल्या क्युबिस्ट मंडळींना ते नाव खटकलं. निरोप घेऊन आले ते त्याचे सख्खे भाऊ: निदान नाव तरी बदल. मार्सेलनं वाद घातला नाही. गेला, चित्र काढलं आणि टॅक्सीत घालून घरी घेऊन आला.

1913 मध्ये तेच चित्र न्यूयॉर्कच्या आर्मरी शोमध्ये लागलं आणि धुरळा उडाला. लोक रांगा लावून त्या चित्रात नग्न बाई शोधत होते. वर्तमानपत्रांत व्यंगचित्रं येत होती. द्युशाँ अमेरिकेत पाऊल ठेवण्याआधीच तिथे नावाजला.

इथेच भाषांतराचा पहिला पेच येतो. फ्रेंचमध्ये चित्रकलेतल्या नग्न आकृतीला 'न्यु' म्हणतात. तो शब्द व्याकरणानं पुल्लिंगी आहे, मग समोर बाई असो की पुरुष. इंग्रजीतल्या 'न्यूड'ला लिंगच नाही. म्हणजे दोन्ही भाषांत बाई की पुरुष हा प्रश्न शिताफीनं टाळता येतो. मराठीत मात्र आपली पंचाईत होते. 'जिना उतरणारी' म्हणायचं की 'जिना उतरणारा'? क्रियापद आपल्याला मोकळं सोडतच नाही. जे चित्रात नाही, ते भाषा ठरवून टाकते. द्युशाँच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा होणार होतं.

काच आणि कागद

त्याच 1912 मध्ये द्युशाँनं मित्रांबरोबर रेमाँ रुसेल या लेखकाचं एक नाटक पाहिलं. अचाट यंत्रं आणि शब्दांचे विचित्र खेळ. काचेच्या कामामागे रुसेलची प्रेरणा होती, हे त्यानं पुढे स्वतःच मान्य केलं. नुसत्या डोळ्यांना सुखावणाऱ्या चित्रांचा त्याला कंटाळा आला होता. चित्र हे डोक्यासाठी असावं, असं त्याच्या मनानं घेतलं.

मग त्यानं पॅरिसच्या सँत-जनव्हिएव्ह ग्रंथालयात नोकरी धरली आणि हाताला लागेल त्या कागदावर टिपा लिहायला सुरुवात केली. फाटके तुकडे, पाठकोरे कागद, काहीही. खोडलेलं, बाण काढलेले, मध्येच सोडून दिलेलं. या टिपांमध्ये एका काल्पनिक यंत्राचं वर्णन होतं. वरच्या काचेत एक नववधू. खालच्या काचेत नऊ अविवाहित पुरुष, तेही माणसांसारखे नाहीत, तर गणवेशाच्या साच्यांसारखे. शेजारी चॉकलेट दळायचं यंत्र, जे त्यानं रुआँमधल्या एका दुकानाच्या खिडकीत पाहिलं होतं. पुरुषांमधून वायू निघतो, नळ्यांतून फिरतो, पण वधूपर्यंत कुणीच पोचत नाही. इच्छा आहे, यंत्र चालू आहे, भेट मात्र नाही.

ही काच त्यानं 1915 ते 1923 अशी आठ वर्षं न्यूयॉर्कमध्ये केली. तैलरंग, शिशाची तार, शिशाचा पत्रा, वार्निश. काचेवर मुद्दाम महिनोन्महिने धूळ साचू दिली आणि काही भागांवर ती चिकटवून टाकली. 1920 मध्ये मॅन रे या छायाचित्रकारानं त्या धुळीचा फोटो काढला. त्याचं फ्रेंच नाव 'एलव्हाज द पूसिएर'. एलव्हाज म्हणजे गुरं-कोंबड्या पाळणं. थोडक्यात, धूळपालन! इंग्रजीत ते 'डस्ट ब्रीडिंग' झालं. हे जमलेल्या भाषांतराचं उदाहरण, कारण शेतकऱ्याचा शब्द धुळीला लावण्यातला मिश्कीलपणा तसाच राहिला.

1923 मध्ये त्यानं काम थांबवलं. काच पूर्ण झाली म्हणून नाही. ती अपूर्णच राहणार, असं त्यानं ठरवलं म्हणून.

आणि तो एक शब्द

काचेचं पूर्ण नाव फ्रेंचमध्ये लांबलचक आहे. मराठीत साधारण असं होईल: 'आपल्या अविवाहितांकडून विवस्त्र केली जाणारी नववधू, सुद्धा'.

शेवटचं 'सुद्धा' वाचून अडखळलात ना? फ्रेंच वाचकही अडखळतो. तिथे 'मेम' हा शब्द आहे. त्याचा अर्थ संदर्भानुसार सुद्धा, तोच किंवा स्वतः असा होतो. पण इथे, स्वल्पविरामानंतर एकटाच लटकलेला असताना, त्याला काहीच अर्थ उरत नाही. द्युशाँला हेच हवं होतं. कशालाच न चिकटणारं क्रियाविशेषण.

काहींनी त्यात वेगळा अर्थ शोधला. 'मेम'चा उच्चार फ्रेंचमधल्या 'माझ्यावर प्रेम करते' या अर्थाच्या शब्दांसारखा होतो. द्युशाँनं तो अर्थ नाकारला. अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. फ्रेंचमध्ये वधू म्हणजे 'मारिए' आणि अविवाहित म्हणजे 'सेलिबातेर'. दोन्हींची सुरुवातीची अक्षरं जोडा: मार आणि सेल. मार्सेल! इंग्रजीत हे शब्द 'ब्राइड' आणि 'बॅचलर्स' होतात, आणि कलाकार स्वतःच्याच चित्राच्या नावातून गायब होतो.

मराठीतही निवड सोपी नाही. 'ब्रह्मचारी' म्हटलं की व्रत आलं, लंगोट आला, हनुमान आला. 'अविवाहित' म्हटलं की सरकारी फॉर्म आठवतो. 'सडेफटिंग' म्हटलं तर चेष्टा बरोबर येते, पण त्यातली तगमग जाते. प्रत्येक शब्द काहीतरी देतो आणि काहीतरी काढून घेतो.

इंग्रजी न येणारा माणूस इंग्रजीशी खेळू लागला

द्युशाँ जून 1915 मध्ये न्यूयॉर्कला उतरला तेव्हा त्याचं इंग्रजी जेमतेम होतं. पोटासाठी त्यानं फ्रेंचच्या शिकवण्या घेतल्या. श्रीमंत स्टेटहायमर बहिणी त्याच्या विद्यार्थिनींत होत्या. राहण्याची सोय वॉल्टर अरेन्सबर्ग या धनिकानं केली. हा अरेन्सबर्ग स्वतः कवी होता आणि दान्तेच्या काव्यात गुप्त सांकेतिक लिपी शोधण्याचं त्याला वेड होतं. म्हणजे कोड्यांच्या कारखान्याला घरमालक मिळाला तोही कोडी सोडवणारा.

नवी भाषा शिकताना आपण चुका टाळतो. या पठ्ठ्यानं त्यांनाच काम दिलं. 1915 मध्ये त्यानं इंग्रजीत एक छोटा मजकूर लिहिला. व्याकरण ठीक, अर्थ शून्य. आणि त्यात जिथे जिथे 'द' हा शब्द यायला हवा, तिथे चक्क एक चांदणी काढली.

त्याच वर्षी त्यानं बर्फ उपसायचं फावडं विकत घेतलं आणि त्याला 'मोडणाऱ्या हाताच्या आधी' अशा अर्थाचं इंग्रजी नाव दिलं. दुकानात मिळणाऱ्या अशा वस्तूंसाठी त्यानं शब्द उचलला 'रेडीमेड', म्हणजे तयार कपड्यांच्या बाजारातला अमेरिकन शब्द. 1916 च्या सुरुवातीला त्यानं पॅरिसला सुझानला पत्र लिहून हा शब्द समजावला आणि आपल्या स्टुडिओतल्या बाटल्या वाळवायच्या स्टँडवर त्याच्या वतीनं सही करायला सांगितलं. पण बहिणीनं खोली आवरताना तो स्टँड कधीच फेकून दिला होता! 'रेडीमेड' मात्र फ्रेंचमध्येही इंग्रजीच राहिला.

1920 मध्ये त्यानं सुताराकडून एक छोटी खिडकी करून घेतली. काचांच्या जागी काळं चामडं. अशा दुहेरी उघडणाऱ्या खिडकीला इंग्रजीत 'फ्रेंच विंडो' म्हणतात. त्यानं दोन्ही शब्दांतला 'न' काढला आणि नाव झालं 'फ्रेश विडो', म्हणजे नुकतीच विधवा झालेली. पहिलं महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. हा विनोद फक्त इंग्रजीत जमतो, तो फ्रेंचमध्ये नेता येत नाही.

आणि त्या खिडकीवर सही कुणाची? रोज सेलावी नावाच्या बाईची. हे द्युशाँचंच दुसरं रूप. फ्रेंचमध्ये नाव मोठ्यानं म्हटलं की ऐकू येतं: 'एरोस, से ला व्ही', म्हणजे काम हेच जीवन. इंग्रजीत ते फक्त एका बाईचं नाव उरतं.

हिरवी पेटी

1930 च्या दशकात द्युशाँ पॅरिसमध्ये होता आणि बहुतेकांच्या मते त्यानं कला सोडून बुद्धिबळ धरलं होतं. त्यात तो खरोखर तगडा होता. ऑलिम्पियाडमध्ये फ्रान्सकडून खेळला. 1932 मध्ये सहलेखकासोबत त्यानं शेवटच्या डावावर एक पुस्तक काढलं, फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी अशा तीन भाषांत एकत्र.

त्याच वर्षी त्याच्या टिपांचं पहिलंवहिलं इंग्रजी भाषांतर एका नियतकालिकाच्या अतिवास्तववादी अंकात आलं. भाषांतरकार होता जेकब ब्रोनॉस्की, जो पुढे विज्ञानावरच्या 'द असेंट ऑफ मॅन' या टीव्ही मालिकेमुळे घराघरांत पोचला. त्यानं तो लटकलेला 'मेम' लटकू दिला नाही. मथळ्यात लिहिलं, वधूच्या 'स्वतःच्याच' अविवाहितांकडून. वाक्य व्याकरणात बसलं, वाचायला सुरळीत झालं. पण द्युशाँचा खडा नेमका तिथेच निखळला.

सुमारास 1933 मध्ये काचेची मालकीण कॅथरीन ड्रायर हिनं त्याला बातमी दिली की काच फुटली आहे. आता विचार करा. आठ वर्षांचं काम चुऱ्यात. हातात उरले ते फक्त कागद.

1934 मध्ये त्यानं ते कागद प्रकाशित केले, आणि कसे! पुस्तक छापलं नाही. हिरव्या मऊ पुठ्ठ्याची एक पेटी केली. आत नव्वदहून जास्त टिपा, आकृत्या आणि फोटो, सगळे सुटे. क्रमांक नाहीत, क्रम नाही. मूळ चिठोरा ज्या शाईचा तसलीच शाई, ज्या जातीचा कागद तसलाच कागद. मूळ कागद जसा फाटला होता, त्या आकाराचे पत्र्याचे साचे करून प्रत्येक प्रतीतला कागद तसाच फाडला. साध्या 300 आणि खास 20 प्रती. रुआँमधलं छपाईचं शिक्षण इथे उपयोगी पडलं. प्रकाशक म्हणून नाव होतं रोज सेलावीचं.

आंद्रे ब्रेताँनं पॅरिसमध्ये बसून, याच पेटीच्या आधारावर काचेबद्दल मोठा लेख लिहिला. काच समुद्रापलीकडे, तीही फुटलेली. म्हणजे लोक कलाकृती न पाहता तिचे कागद वाचत होते.

1936 मध्ये द्युशाँ अमेरिकेला गेला आणि ड्रायरच्या घरी बसून काचेचा एकेक तुकडा जुळवला. सगळं दोन नव्या काचांमध्ये दाबून बसवलं. काचा एकमेकींवर असताना फुटल्यामुळे वरच्या आणि खालच्या भेगा एकमेकींशी जुळतात. त्याला त्या भेगा आवडल्या. त्यानं त्या लपवल्या नाहीत.

दोन हॅमिल्टन, एक पुस्तक

आता काच अमेरिकेत होती. 1954 पासून ती फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये उभी राहिली. 1955 मध्ये द्युशाँ स्वतः अमेरिकन नागरिक झाला. पण काचेची किल्ली अजून फ्रेंचमध्येच, आणि तीही तीनेकशे पेट्यांत.

इथे दोन माणसं येतात. दोघांचं आडनाव हॅमिल्टन, नातं काही नाही.

पहिला जॉर्ज हर्ड हॅमिल्टन, येल विद्यापीठातला कला-इतिहासकार. ड्रायर आणि द्युशाँनं जमवलेला आधुनिक कलेचा संग्रह 1941 मध्ये येललाच गेला होता. त्यानं 1957 मध्ये पेटीतल्या 25 टिपांचं इंग्रजी भाषांतर छोट्या पुस्तकात छापलं.

दुसरा रिचर्ड हॅमिल्टन, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला शिकवणारा तरुण चित्रकार, जो पुढे पॉप आर्टचा एक जनक म्हणून ओळखला गेला. त्यानं 1940 च्या दशकाच्या शेवटी लंडनमधल्या एका संग्राहकाच्या घरी हिरवी पेटी पाहिली आणि तो झपाटला. 1956 मध्ये त्यानं काच कशी चालते याची आकृती काढून थेट द्युशाँला पाठवली. उत्तरच नाही. जवळजवळ वर्षभरानं उत्तर आलं. त्यात जॉर्ज हॅमिल्टनच्या भाषांतराचा उल्लेख होता आणि दोघांनी मिळून काम करावं, अशी सूचनाही.

मग न्यूकॅसल, न्यू हेवन आणि न्यूयॉर्क असा तीन ठिकाणचा पत्रव्यवहार सुरू झाला. एकजण शब्द बघत होता, एकजण पान बघत होता आणि लेखक स्वतः अडलेल्या जागा सोडवत होता.

मग अडचण नेमकी काय होती?

पहिली अडचण शब्दांची. काचेत तीन गोल आकृत्या आहेत, डोळे तपासायच्या तक्त्यांसारख्या. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराला फ्रेंचमध्ये 'तेम्वाँ ऑक्युलेर' म्हणतात. द्युशाँनं एक शेपूट बदलून केलं 'तेम्वाँ ऑक्युलिस्त', म्हणजे नेत्रवैद्य साक्षीदार. फ्रेंच कानाला कोर्टातला शब्द आणि दवाखान्यातला शब्द एकदम ऐकू येतो. इंग्रजीत 'ऑक्युलिस्ट विटनेसेस' झालं. अर्थ आला, पण प्रत्यक्षदर्शीला इंग्रजीत 'आयविटनेस' म्हणत असल्यानं पहिला सूर हरवला.

एका टिपेत त्यानं ठरवलं होतं की या कामाला चित्र म्हणायचंच नाही, 'रतार' म्हणायचं. रतार म्हणजे उशीर. गाडीला होतो तो, रोजच्या वापरातला. इंग्रजीत 'डिले' झालं आणि ते चपखल बसलं. मराठीत 'विलंब' म्हटलं तर कविता होते. 'खोळंबा' म्हटलं तर सगळ्यात जवळ जातं, पण लगेच दादर स्टेशन दिसायला लागतं.

दुसरी अडचण पानाची, आणि ती जास्त मोठी. टिपेत खोडलेला शब्द असतो. तो भाषांतर करायचा की नाही? लेखकानं तो रद्द केला आहे, पण रद्द केलेला दिसतोही आहे. बाण, समासातली शंका, दोनदा अधोरेखित केलेला शब्द, मध्येच तुटलेलं वाक्य. नेहमीचा भाषांतरकार हे सगळं गाळून स्वच्छ मजकूर देतो. पण द्युशाँच्या बाबतीत तो गोंधळच मजकूर होता. विचार होताना दिसावा, यासाठी तर त्यानं फाटके कागद तसेच फाडून छापले होते.

रिचर्ड हॅमिल्टननं यावर छपाईतून उत्तर शोधलं. हस्ताक्षरातला जोर टाईपच्या जाडीतून दाखवला. खोडलेलं खोडलेलंच छापलं. बाण, मोकळ्या जागा, आकृत्या जिथल्या तिथे ठेवल्या. सुट्या कागदांना पुस्तकात क्रम द्यावाच लागतो, तो यंत्राची रचना समजून घेऊन लावला. म्हणून 1960 मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये आलेल्या या पुस्तकावर नुसतं भाषांतर असं लिहिलेलं नाही. जॉर्ज हॅमिल्टनचं भाषांतर आणि रिचर्ड हॅमिल्टनची 'टंकरचित आवृत्ती' असं त्याचं वर्णन आहे.

आणि मथळ्याच्या शेवटी? स्वल्पविराम आणि 'ईव्हन'. कशालाच न चिकटलेला. इंग्रजी वाचकही आता फ्रेंच वाचकाइतकाच अडखळणार होता.

या कामाचं मोठेपण इथेच आहे. ब्रोनॉस्कीनं वाक्य सोपं केलं होतं. दोन्ही हॅमिल्टननी ते जितकं अवघड होतं तितकंच ठेवलं. अमूर्त भाषेचं भाषांतर करताना सगळ्यात मोठा मोह असतो तो समजावून सांगण्याचा. लेखकानं झाकलेलं भाषांतरकारानं उघडं केलं, की वाचकाला अर्थ मिळतो आणि कलाकृती जाते.

भाषांतर बरोबर होतं, याचा पुरावा

पेटी 1934 ची, पुस्तक 1960 चं. 26 वर्षं. द्युशाँ तेव्हा 73 वर्षांचा होता. त्याला पुस्तक पसंत पडलं. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सनं त्याच वर्षी त्याचं परीक्षण लिहिलं. ज्या पिढीला फ्रेंच येत नव्हतं, तिच्या हातात आता टिपा होत्या.

पण खरी परीक्षा पुढे होती. 1966 मध्ये लंडनच्या टेट गॅलरीत द्युशाँचं मोठं प्रदर्शन ठरलं. मूळ काच इतकी नाजूक की हलवणं अशक्य. मग रिचर्ड हॅमिल्टननं न्यूकॅसलमध्ये नवी काच बनवायला घेतली. जुन्या काचेवरून नुसती नक्कल न मारता, टिपांमधली कृती एकेक पायरी करत. ज्या कागदांवर त्यानं तीन वर्षं घालवली होती, त्यावरून वस्तू उभी राहिली. द्युशाँनं त्या काचेवर सही केली. आज ती टेटच्या संग्रहात आहे. पाककृतीचं भाषांतर बरोबर आहे की नाही, हे शेवटी पदार्थ करून पाहिल्यावरच कळतं.

त्याच सुमारास आणखी 79 टिपांची पांढरी पेटी न्यूयॉर्कमध्ये निघाली. भाषांतर क्लीव्ह ग्रे या चित्रकारानं केलं. पेटीचं नावच व्याकरणातलं होतं, क्रियापदाच्या मूळ रूपावरून. आपल्याकडे जसं करणे, मोजणे, कापणे. कुणी, कधी, काहीच नाही. फक्त करायचं आहे.

शेवटचं काम

2 ऑक्टोबर 1968 रोजी पॅरिसजवळ नॉयी इथे द्युशाँ गेला. आदल्या रात्री मॅन रे आणि इतर मित्रांबरोबर जेवण झालं होतं.

तो गेल्यावर बॉम्ब फुटला. ज्यानं कला सोडली असं सगळे समजत होते, तो 1946 पासून वीस वर्षं गुपचूप एक काम करत होता. लाकडी दाराला दोन भोकं, आतून दिसणारं दृश्य. 1969 मध्ये ते फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये उघडं झालं. ते स्टुडिओतून हलवून पुन्हा कसं जोडायचं, याची फोटोंसह हस्तलिखित पुस्तिका त्यानं करून ठेवली होती. अर्थात फ्रेंचमध्ये. त्याच्या पत्नीचा आधीच्या लग्नाचा मुलगा पॉल मातीस या कामात मदतीला होता. त्यानंच पुढे 1980 मध्ये द्युशाँच्या मागे राहिलेल्या टिपा इंग्रजीत आणल्या.

या शेवटच्या कामाचं नावही हिरव्या पेटीतल्या एका टिपेतून आलेलं. सुरुवात होते ती भूमितीच्या सिद्धतेतल्या किंवा नोटरीच्या दस्तातल्या शब्दांनी. इंग्रजीत 'गिव्हन'. मराठीत मात्र आपल्याकडे शाळेतला अचूक शब्द तयार आहे: 'पक्ष'. पक्ष: एक, धबधबा. दोन, दिव्याचा वायू. साध्य काय, ते लिहिलेलंच नाही. ते बघणाऱ्यानं काढायचं.

1957 मध्ये ह्यूस्टनला दिलेल्या भाषणात द्युशाँनं हेच मांडलं होतं, तेही इंग्रजीत. कलाकृती एकटा कलाकार पूर्ण करत नाही, बघणारा उरलेला भाग पूर्ण करतो. भाषांतरकार हा असाच एक बघणारा. फक्त त्याला पुढच्या बघणाऱ्यासाठी जागा मोकळी सोडावी लागते.

तेव्हा पुढच्या वेळी एखादं भाषांतर वाचताना एखादा शब्द दातात खडा आल्यासारखा लागला, तर लगेच भाषांतरकाराला नावं ठेवू नका. कदाचित तो खडा लेखकानंच टाकलेला असेल आणि भाषांतरकारानं मोठ्या कष्टानं तो तुमच्यापर्यंत पोचवला असेल.

फिलाडेल्फियात ती काच आजही भेगांसकट उभी आहे, सुद्धा.